ईव्हीच्या वॉशरचं पाणी जातंय तरी कुठे?

मोशीचा_मुसाफिर | ३ मार्च, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण पंधरा दिवस डोक्याला भुंगा लागलाय.

गाडी इलेक्ट्रिक. घेऊन सव्वा वर्ष झालं, २१,००० किलोमीटर झालेत. मोशी ते चाकण एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन ४० एक किलोमीटर. शनिवार-रविवार गाडी बायकोच्या ताब्यात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे शंभर प्रतिसाद कोणती कंपनी भारी यावरच जातील.

तर, या गाडीचं बॉनेट मी एकाच कामासाठी उघडतो, काचेवर फवारायचं पाणी भरायला. इंजिन ऑइल नाही, त्यामुळे ती पट्टी काढून फडक्याला पुसायची हौसही नाही. मागच्या वर्षी ही टाकी तीन आठवडे जायची. आता सहा-सात दिवसांत खडखडाट. सोमवारी गळ्यापर्यंत भरली, रविवारी बायकोचा फोन, "फवारा येत नाहीये, नुसता घर्र आवाज येतोय."

पाऊस नाही, चिखल नाही. नाशिक रोडवरची धूळ आहे, पण ती मागच्या मार्चमध्येही होती. सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर "वापर जास्त असेल सर" म्हणाले, टाकी भरून दिली आणि बिलात त्याचे पैसे लावले. पार्किंगमध्ये तळं वगैरे साचलेलं नाही. इलेक्ट्रिक गाडीत हे पाणी आणखी कशाला वापरतात का? बॅटरी थंड करायला वगैरे?

---

उगाच_एक | ३ मार्च, रात्री १०:२०

मार्च लागला. गाडीलाही तहान लागते हो.

---

वऱ्हाडी_ठेचा | ३ मार्च, रात्री १०:४१

भाऊ, उन्हानं उडून जात असन. आमच्या अकोल्याले मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, बॉनेटवर पापड भाजून घ्या.

---

गॅरेजवाला_अण्णा | ३ मार्च, रात्री ११:०५

ठेचा भाऊ, टाकीला झाकण असतंय, गळा हाताच्या अंगठ्याएवढा. त्यातनं उडून उडून किती उडंल? महिन्याला वाटीभर बी नाही. अकोल्यात सुद्धा नाही.

मुसाफिर साहेब, पहिली गोष्ट, बॅटरी थंड करायचं पाणी वेगळं, त्याची बाटली वेगळी, त्याला कूलंट म्हणतात. ते बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर यांच्यातनं फिरतंय आणि परत येतंय. वॉशरच्या टाकीचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. वॉशर म्हणजे टाकी, तिच्या बुडाला बारा व्होल्टचा चिमुकला पंप, दोन नळ्या आणि नोझल. पेट्रोल गाडीत हेच, तुमच्यात हेच, माझ्या १९९८ च्या जीपमध्ये बी हेच.

आणि कळकळीनं सांगतो, त्या दोन झाकणांची गल्लत करू नका. कारंजं आणि काच काढलेलं झाकण वॉशरचं. लाटांवर थर्मामीटर काढलेलं कूलंटचं. हवा भरायला थांबलेल्या एका ईव्हीत पोरानं उत्साहानं कूलंटच्या बाटलीत नळाचं पाणी ओतलं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. काही कंपन्या त्यात वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट घालतात. तिथं नळाचं क्षाराचं पाणी गेलं की खर्च हजारात नाही, लाखात बोलायचा.

आता तुमचं. आधी मापा, मग बोला. एका झटक्याला किती पाणी जातंय ते काढा. बॉनेटखाली नोझलची नळी हातानं सुटते. ती बाटलीत धरा, दुसऱ्या माणसाला दहा सेकंद लिव्हर ओढायला सांगा आणि बाटलीतलं पाणी मोजा. मग दिवसाला किती वेळा मारता ते प्रामाणिकपणे मोजा.

---

मिशिगनकर | ४ मार्च, पहाटे ३:३०

सहा दिवसांत टाकी संपली म्हणून धागा? इथे थंडीत आठवड्याला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हे आमचं ठरलेलं खातं आहे. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, पुढच्या ट्रकच्या चाकांतून ते खारट पाणी काचेवर येतं आणि अर्ध्या मिनिटात काच दुधी होते. डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची मोठी खाण आहे, साडेतीनशे मीटर खोल. रस्त्यांचं मीठ तिथूनच निघतं. माझीही ईव्हीच आहे, वापर आधीच्या पेट्रोल गाडीइतकाच.

इथे टाकीत पाणी घातलं तर बर्फ होऊन टाकी फुटेल, म्हणून निळं द्रव मिळतं. उणे २० फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे २९ अंश, तोपर्यंत गोठत नाही. त्यात मिथेनॉल असतं, त्यामुळे मुलांच्या हाताला लागेल असं ठेवत नाही.

---

निवृत्त_केमिस्ट | ४ मार्च, सकाळी ७:१५

मिथेनॉलचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. ते पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. युरोपीय संघात ९ मे २०१९ पासून सामान्य ग्राहकांना विकायच्या काच-धुण्याच्या द्रवात ०.६ टक्के किंवा त्याहून जास्त मिथेनॉल चालत नाही. तिकडे इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. डोंबिवलीत बसून मुंबई-पुण्यासाठी न गोठणारं द्रव मागवणाऱ्यांनी ते का मागवलं हे एकदा स्वतःला विचारावं. माझ्या शेजाऱ्याने मागवलं आहे.

मूळ प्रश्नकर्त्यांना एकच विचारतो, टाकीत घालता काय?

---

मोशीचा_मुसाफिर | ४ मार्च, सकाळी ८:५०

अण्णा, कूलंटचं झाकण बघून आलो. दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, अंगावर काटा आला.

केमिस्ट काका, आधी सोसायटीचं बोअरचं पाणी घालायचो. मग नोझलवर पांढरी खपली धरली, म्हणून आता घरच्या आरओचं पिण्याचं पाणी घालतो. बाकी काही नाही. शांपूची पुडी एकदा घातली होती.

संध्याकाळी मापून सांगतो.

---

निवृत्त_केमिस्ट | ४ मार्च, सकाळी ९:२०

आरओचं पिण्याचं ठीक. काही जण हुशारीने आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून इथे वापरतात, ते मात्र करू नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, बोअरपेक्षा वाईट. काचेवर पांढरे ठिपके, नोझलमध्ये खडू. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी त्या मानाने फार मऊ असतं, तेही स्वच्छ भांड्यात धरलेलं असेल तर.

शांपू नको. फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ढकलतो.

नुसतं पाणी उन्हाळ्यात टाकीत महिनोन्महिने पडू देऊ नये. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉशरमध्ये काच-धुण्याचं द्रव न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांत लेजिओनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजाराचा धोका जास्त आढळला होता. कोमट साचलेल्या पाण्यात ते जंतू वाढतात आणि फवाऱ्याचे बारीक थेंब श्वासात जातात. बाजारात वॉशरचं सौम्य द्रव मिळतं, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. तुमची टाकी आठवड्यात रिकामी होते, त्यामुळे जंतूंना वाढायला सवडच मिळत नसेल, हा एक फायदा म्हणायचा.

---

सुगरण_आजी | ४ मार्च, सकाळी १०:०२

रिठ्याचं पाणी घालून बघावं. दागिने लखलखीत निघतात.

---

गॅरेजवाला_अण्णा | ४ मार्च, सकाळी १०:३०

आजी, नमस्कार. दागिन्यांना झकास. टाकीत घातलं तर चार दिवसांत आंबंल, शेवाळ्यासारखं होऊन जाळी बुजंल आणि मग गाडी माझ्याकडं यील. माझा फायदाच हाय, तरी नको म्हणतो.

---

ठाणेकर_शीतल | ४ मार्च, दुपारी १:१५

मुसाफिर, मागच्या काचेला वायपर आहे का? असेल तर डिकीतली चटई उचलून बघा.

आमच्या गाडीत (ईव्ही नाही, साधी हॅचबॅक) अगदी हेच झालं होतं. पुढचा फवारा छान, मागचा मरतुकडा, आणि डिकीत कुबट वास. मला वाटलं मुलाचा डबा सांडला. मागच्या फवाऱ्याची नळी छतातून जाते आणि डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी लोहाराच्या भात्यासारखं एक काळं रबर असतं ना, त्यातून दारात शिरते. दार हजारदा उघड-मीट होऊन त्या भात्याच्या आत नळी निसटली होती. मी मागची काच धुवायचे ती धार थेट चटईखाली. स्टेपनीच्या खड्ड्यात दोन तांबे पाणी निघालं.

ईव्हीत डिकीखाली काही वायरिंग, चार्जरचं काही असेल तर हे तपासणं जास्तच गरजेचं ना?

---

गॅरेजवाला_अण्णा | ४ मार्च, दुपारी २:००

शीतलताई, बरोबर बोललात. एक भर घालतो. बऱ्याच गाड्यांत पुढं-मागं मिळून एकच पंप असतोय. एका दिशेनं फिरला की पुढं पाणी, उलटा फिरला की मागं. मधे एक रबरी पडदा झडपेचं काम करतोय. तो पडदा सैल पडला तर पुढची काच धुताना थोडं पाणी मागं बी चोरून जातंय. म्हणून पुढचा फवारा मारताना एका माणसानं मागं उभं राहून बघायचं.

---

मोशीचा_मुसाफिर | ४ मार्च, रात्री ९:४५

हजेरी लावतो.

१. दहा सेकंदांत ३०० मिली. म्हणजे सेकंदाला ३० मिली.
२. मी एका वेळी दोन सेकंद ओढतो, दिवसाला फार तर तीनदा. १८० मिली झाले.
३. रिकामी टाकी लिटरच्या बाटलीने मोजून भरली, चार बाटल्या बरोबर बसल्या.
४. डिकी कोरडी ठणठणीत. मुलाला मागे उभं केलं, मागच्या काचेवर थेंबही आला नाही.

४,००० भागिले १८० म्हणजे बावीस दिवस. मागच्या वर्षीचे तीन आठवडे जुळले. आता सहा-सात दिवसांत संपतंय म्हणजे दिवसाला ६०० मिलीच्या आसपास जातंय. ४०० मिली रोज गायब. दुधाचं गणित असतं तर गवळ्याला धरला असता.

---

उगाच_एक | ४ मार्च, रात्री ९:५२

गवळी पाणी घालतो हो, काढत नाही.

---

डावा_उजवा | ४ मार्च, रात्री १०:३०

एक विचित्र शंका. तुमच्या गाडीचा इंडिकेटर डावीकडे आहे का? आणि आधीच्या गाडीचा उजवीकडे होता का?

हसू नका. माझ्या आधीच्या गाडीला उजव्या हाताशी इंडिकेटर आणि डिपर, डावीकडे वायपर. नवीन ईव्ही युरोपीय पद्धतीची, सगळं उलटं. पहिले दोन महिने प्रत्येक वळणाला वायपर चालू. वळणाचं महिनाभरात सुटलं, पण डिपर मात्र सुटेना. समोरून कोणी चुकीच्या बाजूने आला की मेंदू विचार करत नाही, उजवा हात लिव्हर आपल्याकडे ओढतो. आणि वायपरचा लिव्हर आपल्याकडे ओढला की फवारा! समोरच्याला दिवा दिसत नाही, त्याला दिसतं की हा माणूस त्याच्याकडे बघून काच धुतोय. पुण्यात राहत असाल तर दिवसाला डिपर किती लागतात ते सांगायला नको.

---

मोशीचा_मुसाफिर | ४ मार्च, रात्री १०:५५

अरे देवा.

इंडिकेटर डावीकडेच आहे. मला सवय झाली, पण बायको आठवड्यातले दोनच दिवस ही गाडी चालवते, बाकी पाच दिवस तिची जुनी, उजव्या इंडिकेटरची. आत्ताच विचारलं. "हो, होतं कधीकधी" म्हणाली. कधीकधी म्हणजे किती विचारलं तर "तू जेवून घे" म्हणाली.

पण मंडळी, हे शनिवार-रविवारचं झालं. रोजचं ४०० मिली यात बसत नाही.

---

मालवणी_माणूस | ५ मार्च, सकाळी ७:४०

आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्याने काचेवर खारट थर बसतो आणि पावसाच्या तोंडावर संध्याकाळी किड्यांचा चिखल. एवढ्यावरही चार लिटर आठवड्यात कधी संपले नाहीत. गळतीच बघा.

बाय द वे, वायपरचं रबर कधी बदललं? उन्हाने कडक झालं की ते पाणी पुसत नाही, पसरवतं, मग माणूस परत परत फवारे मारतो. नोझलची धारही बघा. गोळीवाला नोझल असेल तर टाचणीने जरा खाली वळवता येतो. माझ्या भावाच्या गाडीची अर्धी धार छतावरून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जायची.

---

नवीन_ईव्हीवाली | ५ मार्च, सकाळी ११:१०

माझा अनुभव थोडा वेगळा. आरशामागे लेनचा कॅमेरा आहे. त्याच्यापुढच्या काचेवर जरा धूळ बसली की स्क्रीनवर "कॅमेऱ्याची दृष्टी अडली आहे" असा संदेश येतो आणि मी लगेच फवारा मारते. आधीच्या गाडीत मी एवढी स्वच्छतेची भोक्ती नव्हते. तुमचं तसं तर नाही ना?

---

मोशीचा_मुसाफिर | ५ मार्च, दुपारी १२:३०

माझ्या गाडीत तो कॅमेरा नाही, खालचं मॉडेल आहे. वायपर दिवाळीला बदलले.

---

गॅरेजवाला_अण्णा | ५ मार्च, दुपारी १:००

मग गळतीच. आता गळती कुठं आहे ते टाकीलाच विचारायचं, ती सांगती.

रात्री टाकी गच्च भरा. उदबत्तीची काडी चालणार नाही, आखूड पडंल. लांब बारीक प्लास्टिकची नळी घ्या, टेकेपर्यंत आत घाला, वरचं तोंड बोटानं दाबून बाहेर काढा. नळीत जेवढं पाणी, तेवढी टाकीतली पातळी. खूण करा. गाडी हलवू नका, फवारा मारू नका. सकाळी परत मापा.

पातळी तीच राहिली, तर गळती पंप चालतानाच होती, म्हणजे पंपाच्या पुढची नळी फुटली किंवा उंदरानं खाल्ली. रात्रीत थोडी उतरून एका जागी थांबली, तर जिथं थांबली तिथंच भोक किंवा सांधा. टाकीचा गळा आणि टाकी दोन तुकड्यांत असतात, तो सांधा सैल असला की असं होतं. आणि रोज उतरत उतरत पार तळाला गेली, तर भोक बुडाला. बुडाला काय असतंय? पंप.

खाली पुठ्ठा टाका. कुठल्या चाकापाशी ओलं होतंय ते बघा.

---

मोशीचा_मुसाफिर | ६ मार्च, सकाळी ८:०५

रात्री साडेनऊला भरली, सकाळी साडेसातला मापली. उतरलेलं पाणी परत भरून मोजलं, ३५० मिली!

पुठ्ठा डाव्या पुढच्या चाकाच्या पुढे ओला, पण ३५० मिलीच्या मानाने अगदी थोडा. बाकीचं कुठे गेलं? ओलं दिसायचं तेव्हा मी ते आजवर एसीचं पाणी समजत होतो. रात्री गाडी चार्जिंगला असते, तेव्हा बॅटरीसाठी एसी चालत असेल आणि त्याचंच पाणी पडत असेल असं धरून चाललो होतो.

आणि आत्ता झाडणाऱ्या मावशी भेटल्या. म्हणतात, "साहेब, तुमच्या गाडीखाली रोजच ओलं असतंय की, मी संक्रांतीपासनं बघतीय." संक्रांतीपासून! मला सांगायचं ना मावशी. "तुम्ही कधी विचारलं?"

---

गॅरेजवाला_अण्णा | ६ मार्च, सकाळी ८:४०

सापडलं. आता ऐका.

एसीचं पाणी केबिनच्या थंड जाळीवर धरतंय आणि बहुतेक गाड्यांत मधल्या भागात, डॅशबोर्डच्या खालनं पडतंय. गाडी बंद केल्यावर थोडा वेळ ठिबकतंय आणि थांबतंय. सकाळपर्यंत चाकाच्या पुढं ठिबकत राहणारं पाणी एसीचं नसतंय.

पाणी कमी का दिसलं? ईव्हीला खालनं प्लास्टिकचे पत्रे मारलेले असतात, वारा कापायला. गळलेलं पाणी त्या परातीत साचतंय. सकाळी तुम्ही गाडी काढली, पहिल्या गतिरोधकावर आपटली की परात रस्त्यावर रिकामी. म्हणून तळं दिसत नाही. पेट्रोल गाडीला कितीदा तेवढं झाकण नसतंय, थेट जमिनीवर पडतंय आणि लगेच सापडतंय.

खात्री करायची तर पाण्यात रंग घाला. तुमचं पाणी बिनरंगी, म्हणूनच तर ते एसीच्या पाण्यात खपून गेलं.

---

सुगरण_आजी | ६ मार्च, सकाळी ९:१५

नीळ घाला थोडी.

---

निवृत्त_केमिस्ट | ६ मार्च, सकाळी ९:३०

आजी, नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचा बारीक गाळ बसतो. खाण्याचा रंग चालेल, चिमूटभर. जिलबीचा केशरी मात्र नको, काही कूलंट गुलाबी-केशरी असतात आणि मग उगाच भलतीच भीती. निळा घ्या. बंपरवर ओघळला तर लगेच धुवा.

---

मोशीचा_मुसाफिर | ७ मार्च, सकाळी ८:२०

दुसऱ्या रात्री टाकी न भरता तशीच ठेवली होती. आणखी ३०० मिली उतरलं. थांबलेलं नाही. पुठ्ठ्यावर निळा डाग, डाव्या चाकाच्या पुढे. मावशी म्हणाल्या, "आता हे कोण घासणार?"

---

डावा_उजवा | ७ मार्च, सकाळी ९:००

म्हणजे बुडाला. अण्णा जिंकले. पण सव्वा वर्षाच्या गाडीत पंप गळतो कसा? डाव्या बाजूला कुठे ठोकली होती का?

---

मोशीचा_मुसाफिर | ७ मार्च, सकाळी ९:४०

ठोकली नाही. म्हणजे, जानेवारीत सोसायटीच्या खांबाला बंपर थोडा घासला होता. रंग मारून घेतला. दोन दिवसांत गाडी परत, काम स्वच्छ होतं.

---

गॅरेजवाला_अण्णा | ७ मार्च, सकाळी ९:४४

आणि हे तुम्ही पाच दिवसांनी सांगताय!

---

उगाच_एक | ७ मार्च, सकाळी ९:४६

डॉक्टरकडे पोटदुखी घेऊन जायचं आणि निघताना दारात म्हणायचं, काल दोन किलो फणस खाल्ला होता.

---

गॅरेजवाला_अण्णा | ७ मार्च, सकाळी १०:१५

बंपर काढताना आड येते म्हणून टाकी सोडवतात किंवा पंप ओढून काढतात. पंप टाकीच्या भोकात नुसता रबरी वायसरवर दाबून बसवलेला असतोय, स्क्रू नाही, काही नाही. परत बसवताना तो वायसर कोरडा असला की कड आत दुमडती. दाबलं की बसल्यासारखं वाटतंय. पाणी भरून थोडा वेळ थांबून कोण बघतंय? दुमडलेल्या कडेतनं रात्रभर टिपटिप.

घरी बघायचं तर स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवा, म्हणजे डाव्या चाकाच्या पुढची जागा मोकळी होती. चाकावरच्या प्लास्टिकच्या पडद्याच्या पुढच्या चार-पाच क्लिपा काढा, पडदा वाकवा, आत टाकी दिसंल. जॅक लावायची गरज नाही. लावलाच तर फक्त कंपनीनं खूण केलेल्या जागी. मधे कुठंतरी लावला तर वर बॅटरी हाय. आणि नारंगी वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका, त्या मोठ्या व्होल्टेजच्या. वॉशरच्या आसपास सहसा नसतात, तरी सांगून ठेवतो.

---

मोशीचा_मुसाफिर | ८ मार्च, संध्याकाळी ६:३०

रविवार सत्कारणी लागला.

क्लिपा चार होत्या, दोन तुटल्या, एक उडून कुठे गेली देव जाणे. पडदा वाकवला आणि टॉर्च मारला तर पंपाच्या खाली निळा थेंब लोंबकळत होता. पंप जरा हलवून ओढला, उरलेलं निळं पाणी बाहीतून कोपरापर्यंत. वायसर बघितला तर अण्णांनी लिहिलं होतं तस्सं, एका बाजूची कड आत दुमडलेली, तिथे कायमची सुरकुती पडून बारीक चीरही गेलेली.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. म्हणाले वायसर सुटा येत नाही, टाकी-पंप अख्खा सेट घ्यावा लागेल, आठ दिवस. आकडा ऐकून फोन ठेवला. भोसरीला स्पेअरपार्टच्या दुकानात जुना वायसर दाखवला. दुकानदाराने डबा उपडा केला, त्यातून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, पण त्याच मापाचा काढून दिला. साठ रुपये. तीन क्लिपांचे तीस.

वायसरला थोडं साबणाचं पाणी लावून आधी तो टाकीच्या भोकात बसवला, कड बोटाने चारी बाजूंनी चाचपली, मग पंप दाबला. टाकी भरली. तासभर पाट टाकून शेजारी बसलो, मुलाने दोनदा विचारलं, "बाबा, गाडी आजारी आहे का?"

---

ठाणेकर_शीतल | ८ मार्च, संध्याकाळी ७:००

वॉशरचा वायसर गेला होता! हे वाक्य मराठीतच होऊ शकतं.

---

वऱ्हाडी_ठेचा | ८ मार्च, संध्याकाळी ७:२०

म्हंजे उन्हानं नाही उडालं. बरं.

---

नवीन_ईव्हीवाली | ८ मार्च, रात्री ८:१०

बंपरचं काम जिथे केलं त्यांना सांगितलंत का?

---

मोशीचा_मुसाफिर | ८ मार्च, रात्री ८:३५

सांगितलं. "घेऊन या, बघतो" म्हणाले. आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. जुना वायसर मात्र डब्यात जपून ठेवलाय, पुढच्या वेळी बंपर काढतील तेव्हा समोर धरायला.

---

मोशीचा_मुसाफिर | २५ मार्च, रात्री ९:००

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता. भरून सतरा दिवस झाले. आज नळी घालून मापलं, अजून लिटरभर पाणी आहे. १८० मिलीच्या हिशेबाने जेवढं असायला हवं त्यापेक्षा थोडं जास्तच, कारण मधे दोन दिवस घरून काम होतं. पुठ्ठा कोरडा. पार्किंगमधला निळा डाग तेवढा गेलेला नाही, मावशी रोज त्याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

अण्णा, सांगलीला आलो की गॅरेजवर येतो. भेळ माझ्याकडून.

आणि डावा_उजवा, तुमच्यासाठी खास. परवा शनिवारी भोसरीच्या पुलाखाली समोरून एक टेम्पो उलट्या बाजूने आला. बायकोने त्याला कडक डिपर दिला. काच एकदम स्वच्छ निघाली.